ओट्यावरची कणसरी

उंबरपाडा, खोडाळा
२० ऑगस्ट

चि. कमलेश यास देवजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. भाताची आवणी आटोपली, नागलीची निंदणी चालू आहे. हिराबाईचा गुडघा पावसाळ्यात बोलतो तसा बोलतोय. फोन केला असता, पण रेंजसाठी टेकडीवर जावं लागतं आणि टेकडीवर उभं राहून भावाला रागावलं की सगळा पाडा ऐकतो. म्हणून कागद.

परवा जव्हारला आलो होतो. तू कचेरीत होतास. तुझ्या घराच्या वळणावरच बाचा आवाज कानावर आला. पाय जागीच थांबले. बा जाऊन दोन वर्षं होतील, आणि भर पावसात कणसरीची कथा चालू! आत आलो तर हर्षदा आणि तिच्या दोन मैत्रिणी चिवडा खात कंप्युटरवर कथा ऐकत बसल्या होत्या. पोरींचं मन वाईट नव्हतं. आजोबांची घांगळी किती गोड वाजते, हेच हर्षदा त्यांना दाखवत होती. पण रीत तुला ठाऊक आहे. नवं धान्य खळ्यावर आल्याशिवाय ती कथा तोंडातून काढायची नाही. शेतात पीक कोवळं असताना धान्याच्या देवीला हाक मारली तर ती अर्ध्या वाटेवरून परत फिरते, असं बा सांगत.

हर्षदाने मला समजावलं की तिने कंप्युटरात घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं केलंय, म्हणजे ज्याची त्याची खोली. आणि एक जागा सर्वांची, जिथलं कोणीही उघडावं. तिचं नाव तिने ‘ओटा’ ठेवलंय. मला हसू आलं, डोकं बाचंच आहे. माझंही खातं तिने केलेलं होतं, मलाच माहीत नव्हतं. कथा ओट्यावर होती, गाणी, सिनेमे, तुझ्या कचेरीचे कागद यांच्या शेजारी. मी तिला म्हटलं, देवीला ओट्यावर बसवत नाहीत, आत ने. तिने ती माझ्या खात्यात नेली. आधी तिथे ती वाजेना, कारण वाजवायचा प्रोग्राम फक्त तिच्या खात्यात होता. मग तिने तो सर्वांसाठी म्हणून परत बसवला. पेनड्राइव्हमध्ये एक प्रत देते म्हणाली, मी नको म्हटलं. खिशात घालून फिरवायची वस्तू नाही ती. पासवर्ड माझा मी टाकला.

आता खरं काम सांगतो. कथेचा पहिला भाग मला येतो. शेवटचा, जिथे आपल्या घराची नावं येतात, कोणत्या पूर्वजाने कुठल्या डोंगरावरून कोणतं बी आणलं ते, तो बांनी मला पुरता दिला नव्हता. तो फक्त तू मोबाइलवर भरून घेतलास, त्यांच्या शेवटच्या खळ्यावर. ते तुझं पुण्य मी विसरत नाही. गेली दोन सालं खळ्यावर पलीकडच्या पाड्याचा भगत बोलावला. त्याने त्याच्या घरची नावं घेतली. आपल्या राशीवर दुसऱ्यांचे पूर्वज. यंदा मी बसणार आहे. दसऱ्यानंतर येईन, नव्या लोंब्या घेऊन, आणि शेवट ऐकून पाठ करीन. तोवर ती आतच राहू दे.

पुष्पलतेला आशीर्वाद. हर्षदावर रागावू नकोस. माया आहे ती तशीच राहू दे.

तुझा
देवजी

जव्हार
२ सप्टेंबर

ती. दादांस कमलेशचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचलं. कचेरीत सगळ्यांनी विचारलं की आजकाल पत्र कोण लिहितं. मी म्हटलं, आमचे दादा, त्यांना टेकडीचा राग येतो.

देवीला पासवर्ड लावणारे तुम्ही पहिलेच भगत. बा असते तर हसले असते. रागावू नका, पण मला वाटतं बांना आवडलं असतं पोरींनी ऐकलेलं. आमच्या लहानपणी ते खळ्यावर बसत तेव्हा कोण येतं कोण जातं कधी बघितलं नाही त्यांनी. शिरपामाळावर फिरायला आलेली शहरातली माणसं येऊन बसली होती एकदा, त्यांनाही गूळ दिला होता. तुम्ही मोठे, कथा बांनी तुम्हाला दिली, म्हणून तुमचा शब्द. पण भरून मी घेतलं होतं, रात्रभर मोबाइल हातात धरून. हात गळून गेला होता. तो मोबाइल पुढे मोडीत गेला, राहिलं ते कंप्युटरात. हे आपलं सहज लिहितो.

कंप्युटर आता म्हातारा झालाय. चालू व्हायला इतका वेळ घेतो की तेवढ्यात चहा होतो. हर्षदाच्या परीक्षेच्या तयारीला एक मोठा प्रोग्राम लागतो, तो बसवायला जागा नाही म्हणतो. काहीतरी काढावं लागेल. बघतो.

दसऱ्यानंतर जरूर या. वहिनींच्या हातची नागलीची भाकर आणा, इथल्या चक्कीच्या पिठाला ती चव नाही. वहिनींना नमस्कार. कृपा असावी, आणि टेकडीवर चढलात तर एखादा फोनही असावा.

आपला
कमलेश

उंबरपाडा, खोडाळा
२८ ऑक्टोबर

चि. कमलेश यास आशीर्वाद.

काल आलो होतो हे तुला कळलंच असेल. चहा न घेता गेलो हेही.

लोंब्या फडक्यात बांधून आणल्या होत्या. अंघोळ करून, उपाशी आलो होतो. घरात हर्षदा एकटी होती. तिने कंप्युटर लावला. पडद्यावर नावं आली. आई, पप्पा, हर्षदा. माझं नाव नव्हतं. मला वाटलं खाली असेल. तिने खाली बघितलं, आत बघितलं, मग ओट्यावर बघितलं. पोरीचा चेहरा उतरला. मी परीक्षेच्या क्लासला नाशिकला गेले होते तेव्हा कोणीतरी काहीतरी केलं असेल, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मी तिला बोललो. जास्तच बोललो. खाती बांधायची अक्कल आहे आणि राखायची नाही, असं म्हणालो. ज्या घरात आजोबांचा आवाज राहत नाही तिथे पाणी कशाला प्यायचं, असंही म्हणालो. ती रडत होती आणि मी चप्पल घालत होतो. लोंब्या तुमच्या दारावर अडकवून आलो. परत आणायच्या नसतात.

शेतात भात कापून पडलंय. आठ-पंधरा दिवसांत मळणी होऊन रास लागेल. कथा पुरी झाल्याशिवाय आपल्याकडे राशीला हात लावत नाहीत, दाणा कणगीत जात नाही. मी यंदा पाड्याला सांगून बसलोय की आमच्या घरची कथा आमच्याच तोंडून होईल. पलीकडच्या भगताला नको म्हणून कळवलंय. आता मला सांग मी कुठल्या तोंडाने बसू.

कंप्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे ने. काय निघतं ते बघ. लगेच कळव.

देवजी

जव्हार
३ नोव्हेंबर

ती. भावोजींना पुष्पलतेचा नमस्कार.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. लिहायची वेळ अशी यायला नको होती. हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहिते आहे. तुमची भीड आहे मला, पण हर्षदा तेव्हापासून नीट जेवत नाही. तिने काही केलेलं नाही, ते तिच्यावर राहायला नको.

ती नाशिकला होती तेव्हाची गोष्ट. तिचा तो मोठा प्रोग्राम बसत नव्हता. ह्यांनी कचेरीतल्या ओळखीच्या एकाला बोलावलं. तो म्हणाला की जे खातं कोणी वापरत नाही ते काढून टाका, जागा होईल. तुमचं नाव दाखवलं. कंप्युटरने विचारलं की ह्या माणसाच्या फाइली ठेवायच्या की पुसायच्या. तो माणूस थांबला. ह्यांच्याकडे बघितलं.

मी बाजूला उभी होते. मी म्हटलं की भावोजींनी कथा आत नेली आहे, पत्रात लिहिलं होतं. हे म्हणाले, आत नेली म्हणजे एक प्रत नेली असेल, खरी ओट्यावर असणारच. आणि मग म्हणाले की दादाचं वेगळं काय असणार त्यात.

असंच म्हणाले. हसून म्हणाले. वाईट मनाने नाही. पण ओटा उघडून बघितला नाही. मीही पुढे बोलले नाही. दोनदा बोललं की घरात आवाज चढतो, तुम्हाला माहीत आहे.

दुरुस्तीवाल्याकडे नेऊन आणलं. तो म्हणतो, त्याच जागेवर हर्षदाचा प्रोग्राम लिहिला गेला, खालचं आता निघणार नाही. हर्षदाने तो प्रोग्राम काढून टाकला आहे. परीक्षेचं काय ते ती बोलत नाही.

तिला तुमच्याकडून दोन शब्द आले तर बरं होईल. ह्यांचं काय ते तुम्ही भाऊ भाऊ बघा.

आपली
पुष्पलता

जव्हार
९ नोव्हेंबर

ती. दादांस सा. न.

पुष्पलतेने लिहिलं ते मला काल कळलं. बरं केलं तिने. आता मी लिहितो ते ऐकून घ्या.

पुसा म्हणालो तो मी. नाकारत नाही. पण दादा, ती ओट्यावर होती तेव्हा सर्वांची होती. हर्षदा ऐकत होती, तिच्या मैत्रिणी ऐकत होत्या, पुष्पलता तांदूळ निवडताना ऐकायची. मोडली असती तरी कोणाला तरी चार ओळी पाठ राहिल्या असत्या. तुम्ही ती आत नेलीत, कडी लावलीत, पोर प्रत देते म्हणाली तीही नको म्हणालात. एका माणसाच्या खोलीत एकच दिवा ठेवला आणि ती खोलीच गेली. फुंकर माझी, पण बाकीचे दिवे कोणी लावू दिले नाहीत?

आणि एक. भरून मी घेतलं होतं. बांनी मला कधी शिकवलं नाही. धाकट्याला देत नाहीत म्हणून. मी नुसता मोबाइल धरून बसलो. तुम्ही ते आत नेलंत तेव्हा मला विचारलं नाही. पत्राने कळवलंत.

हर्षदाने तुमचं खातं परत केलं आहे. नाव तेच. पासवर्ड ठेवला नाही, तुम्ही येऊन टाकावा. रास लागली की कळवा, मी येतो. गुडघ्याला तेल पाठवलंय बसबरोबर, वहिनींना द्या. राग असला तरी नातं असू द्या.

कमलेश

उंबरपाडा, खोडाळा
११ डिसेंबर

चि. कमलेश यास.

हर्षदाला वेगळी चिठ्ठी आहे, ती उघडू नकोस. तिचा प्रोग्राम तिला परत बसवू दे. तिच्या डोक्यावर मी ठेवलेलं ओझं मी उतरवून घेतलं आहे.

रास लागल्याचं तुला कळवलं नाही, ते मुद्दाम. तू समोर असतास तर माझा सूर लागला नसता.

खळं सारवलं, दिवा लावला, बाची घांगळी घेतली. पाड्यातली सगळी आली होती, मी सांगून ठेवलं होतं ना. जेवढी येते तेवढी म्हटली. देवी डोंगरावरून निघते, भुकेल्या घरापाशी थांबते, खळ्याच्या कडेला येऊन बसते, इथपर्यंत. मग नावं. पहिली दोन आली. तिसऱ्यापाशी थांबलो. बोटं वाजवत राहिली, तोंड बंद. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं होतं. शेजारच्या बायडीचा म्हातारा बाप तेवढा म्हणाला की राहू दे पोरा, जेवढं आहे तेवढं तिला पोचतं. मला माहीत आहे की पोचत नाही.

रास तशीच राहिली. दव पडायला लागलं, पाखरं यायला लागली. मी रोज जाऊन बसत होतो, काहीतरी आठवेल म्हणून. शेवटी हिराबाई सूप घेऊन आली. म्हणाली की मागे त्या वावर गावात पोरं उपासमारीने मेली तेव्हाही तिथे कोणाच्या तरी घरी कथा पुरी झालीच असेल, देवी नावं मोजत बसत नाही, तुम्ही पुरुष बसता. आणि तिने पहिलं सूप भरलं. रीत मोडली. मी अडवलं नाही. कणगी भरली आहे. मी त्या कणगीकडे बघून जेवतो.

तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं. ओट्याबद्दल लिहिलंस ते खरं आहे. मी आत नेलं म्हणून गेलं, हे मी देवापुढे म्हटलं आहे. तुला विचारलं नाही हेही खरं. पण कमलेश, मी आत नेलं ते काय आहे हे ओळखून. तू पुसलंस ते काय आहे हे न बघता. यंत्रालासुद्धा एकदा विचारावंसं वाटलं.

त्या दिवशी खळ्यावर मधली नावं अडली, पण शेवटी घरातल्या जित्या माणसांची घेतात एवढं मला आठवलं, ती घेऊनच उठलो. बांचं आधी घेतलं, मग जित्यांत माझं. तुझ्या नावापाशी आलो तेव्हा तोच प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, ठेवायचं की पुसायचं. ठेवलं. त्याचं समाधान मानू नकोस. नाव एवढंच ठेवलं आहे.

तांदळाचा तुझा वाटा बसने पाठवतो आहे, नवा आहे, महिनाभर मुरू दे. कंप्युटरात माझं खातं परत केलंत, त्याबद्दल पोरीला शाबासकी सांग. पण ते काढून टाक, तिला जागा होईल. यंत्र पुन्हा विचारेल तेव्हा दचकू नकोस. मागे म्हणाला होतास तेच म्हण. या वेळी ते खरं आहे. दादाचं त्यात काही नाही.

देवजी