सारवण न धरणारी जागा

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तरी न्हाणीतलं पाणी घळघळत उतरल्याचा आवाज आला की मला अजून तसाच हुरूप येतो, जसा त्या दिवशी अमडापूरच्या घरात आला होता. ही गोष्ट कुणाला सांगायला बसले तर ऐकणारे नाक मुरडतात, मोरीची कसली गोष्ट म्हणतात. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही तिथे होतात.

लग्न होऊन मी डोणगावहून आले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा तो काळ. मामंजी जमिनीच्या कामासाठी सारखे कुठल्या ना कुठल्या कचेरीत, तुमचे चिरंजीव वावरात, आणि घरात आपण तिघी, तुम्ही, मी आणि लग्नाच्या वयाच्या नणंदबाई. तुम्ही सासू, मी सून, तुमच्याशी माझं बोलणं हो आणि नाही एवढंच. तुम्ही रागीट नव्हतात, पण कामापुरतंच बोलायचात, आणि त्यातलं निम्मं माझ्या सारवणाबद्दल असायचं. न्हाणीतून गोठ्याकडे जाताना अंगणात एक जागा होती. तिथे मी कितीही घोटून शेणाचा हात फिरवला तरी लगेच पोपडे निघायचे. “माहेरी सारवलं नाही का व कधी?” असं तुम्ही शेजारणींसमोर विचारलंत, तेव्हा मी गोठ्यात गायीच्या आड उभी राहून रडले होते.

आणि मग तो दिवस. नणंदबाईंना पाहायला मेहकरकडची माणसं येणार होती. आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि हे स्थळ नणंदबाईंच्याही मनात भरलं होतं. मामंजी आणि चिरंजीव बैलांची दमणी जुंपून पाहुण्यांना आणायला चिखलीला निघाले, तेवढ्यात न्हाणीतलं पाणी जाईनासं झालं. पाहता पाहता ते उंबऱ्यावरून माजघरात आलं, काळं, कुजकट वासाचं, थेट पाहुण्यांसाठी अंथरलेल्या सतरंजीपर्यंत. मामंजींनी पाहिलं आणि सांगितलं, पाहुणे गेल्यावर गडी लावून सगळं अंगण खोदू, आज राख टाका आणि दार लावून घ्या. दमणी निघून गेली. गडी सगळे ज्वारीच्या सोंगणीला. पाहुणे हातपाय कुठे धुतील, आणि त्या वासात पोरीला कोण पसंत करील, हे आपल्यावर सोडून दिलेलं.

तुम्ही उंबऱ्यावर उभ्या आहात, नाकाला पदर. मला वाटलं आता तुम्ही रडाल. तुम्ही पदर खोचलात आणि म्हणालात, “चाल, पाहू.”

आजेसासऱ्यांनी बांधलेली ती दगडी नाली न्हाणीपासून जमिनीखालून जाऊन मागच्या केळीत निघते, एवढं तुम्हाला ठाऊक होतं. मधे कुठेतरी बांबू घालायला एक झाकण ठेवलंय असं ते म्हणायचे, पण ते झाकण तुम्ही लग्न होऊन आलात त्याच्याही आधी मातीखाली गेलेलं. घरातल्या कुणीच ते पाहिलेलं नव्हतं. तुम्ही मुसळ आणलंत. नाली भिंतीलाच धरून गेली असेल म्हणून भिंतीच्या कडेकडेने आपण मुसळ आपटत निघालो, एक आपटणार, दुसरी कान लावणार. सगळीकडे तोच भरीव, मुका आवाज. उन्हं चढत होती. तुमचं कपाळ घामाने भिजलं होतं, आणि नणंदबाई नवं लुगडं नेसून ओसरीवर बसल्या होत्या, कुणाकडेच न पाहता.

मला ती जागा केव्हाची आठवत होती. पण त्या जागेचं नाव काढणं म्हणजे माझंच उणं आपण होऊन पुढे करणं. मी कान लावायचं सोडून तिथेच थांबले. तुम्ही वळून पाहिलंत. “काऊन थांबली?” मी म्हणाले, “आत्याबाई, जिथं माझं सारवण टिकत नाही, तिथं पाहायचं का?” तुम्ही मुसळ भिंतीला टेकवलंत. न्हाणीच्या भोकापाशी जाऊन उभ्या राहिलात, तिथून केळीकडे नजर टाकलीत. ती जागा बरोबर त्या रेषेत होती. मग तुम्ही मुसळ उचललंत आणि मारलंत, आणि खालून आवाज आला, ठण्ण, अगदी रिकाम्या रांजणासारखा.

त्यानंतरचं मला सगळं एकदम आठवतं, मागेपुढे. तुम्ही कासोटा घट्ट केलात आणि कुदळ घेतलीत. तुमचं माहेर कास्तकाराचं, लहानपणी तुम्ही वावरात राबलेल्या, हे मला त्या कुदळीच्या पहिल्या घावात कळलं. या मोठ्या घरात आल्यापासून तुमच्या हातात कुणी कुदळ दिलीच नव्हती. सारवणाचे थर वड्यांसारखे निघत होते, मी हातांनी माती ओढत होते, आणि माझ्या बोटांना गार लोखंड लागलं. कडी होती. दगडात बसवलेली कडी. आपण दोघींनी एकदमच ती धरली. तुम्ही तिथेच मातीत बसलात.

“वर्सभर बोलली मी तुले,” तुम्ही म्हणालात. “खाली दगडच व्हता.”

कडीतून पहार घालून आपण दगड बाजूला सारला. आत राखेचा, केसांचा, कुठल्या तरी झाडाच्या मुळांचा असा गोळा झालेला की पाणी वरपर्यंत तटून होतं. लांब बांबू आत घातला, दोघींनी मिळून रेटला, ओढला, परत रेटला. नणंदबाईंना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या नवं लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरून केळीत जाऊन उभ्या राहिल्या होत्या. बांबू एकदम पुढे गेला, आपण दोघी पडता पडता राहिलो, आणि केळीतून त्यांचा आवाज आला, “माय, आलं पाणी.” न्हाणीत भोवरा फिरला आणि सगळं घळघळत गेलं. तुम्ही हसत होतात. मी तुमचे दात पहिल्यांदा पाहिले.

दमणीच्या घुंगरांचा आवाज वेशीकडून आला तेव्हा आपण माजघर धुऊन, सतरंजी बदलून, झाकण बसवून त्यावर सारवणाचा शेवटचा हात फिरवत होतो. पाहुण्यांनी न्हाणीत हातपाय धुतले, जेवले, नणंदबाईंना पसंत केलं आणि तारीखही तिथेच धरली. मी वाढत होते. तळहातांवर फोड आले होते, तूप वाढताना पळी धरवेना. तुम्ही ती माझ्या हातातून घेतलीत. तुमचेही हात सोललेले होते. रात्री दोघींनी एकाच वाटीतलं लोणी हातांना लावलं आणि मामंजींच्या अंगण खोदण्याच्या बेतावर तोंडात पदर धरून हसलो. त्यांना दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर ते तिथे जाऊन नुसते उभे राहिले.

हे पत्र मी घडी करून उशीखाली ठेवीन आणि उद्या चुलीत घालीन. पण एक सांगायचं राहिलं. त्यानंतर तुम्ही होतात तोवर ती नाली एकदाही तुंबली नाही. भांडी घासताना मी रोज न्हाणीकडे पाहायची. पाणी जरा हळू उतरलं तर बरं, तुम्ही पुन्हा “चाल, पाहू” म्हणाल, असं मला वाटायचं.