भरली कोठी

बापू, त्या सकाळी मी अंगण झाडून सडा टाकलेला, म्हशीचं शेण काढलेलं, आणि बातम्या लागत नाहीत म्हणून तुम्ही रेडिओला थापट्या मारताय. रेडिओची तार छपराच्या पत्र्याला चिकटलेली मला दिसत होती. मी ती काठीनं बाजूला केली, आवाज मोकळा झाला. तुम्ही बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या आणि मग म्हणालात, "पोरीच्या जातीनं तारेला हात लावायचा न्हाई." त्याच वर्षी तुम्ही मला शाळेतून काढलं. नीट वाचायला मी लग्नानंतर शिकले, किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून.

तुमचे जावई गेल्यापासून घरात मी आणि तुमची नात, दोघीच. ती घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. पण वायफाय सारखं तुटायचं. "आई, पुन्हा गेलं!" म्हणून ती डोक्याला हात लावायची. शेवटी तिच्या साहेबांनी सांगितलं, सोमवारची मीटिंग तुटली तर पुण्यात येऊन राहा. ती गेली असती तर मी भिंतींशी बोलले असते.

वायफायचा डबा बंद करून चालू केला, काही फरक नाही. वायरवाला येऊन बघून गेला. "मावशी, लाइन बराबर आहे. घरात काय आडवं येऊन राहिलं ते बघा. डबा हलवायचा तर लांब वायर लागते, ती पुढच्या हप्त्यात." मग मी मोबाइल हातात धरून घरभर फिरले. स्वयंपाकघरात डब्यापाशी सगळ्या रेघा भरलेल्या, तिच्या खोलीत एकच. मध्ये उभी होती तुम्ही लग्नात दिलेली, तुमचं नाव रंगवलेली पत्र्याची कोठी. ज्वारीनं गच्च.

रविवारी चहाला आलेल्या दिरांना म्हटलं, जरा हात लावा. ते हसले. "भरली कोठी हलवली की घराची बरकत जाते, वहिनी. तुमचा बापच सांगून गेला न्हाई का?"

सांगून गेला होतात, कोठीवर हात ठेवून.

"बरकत कोठीत न्हाई, भाऊजी. ती त्या खोलीत बसून काम करून राहिली."

"काहून हट्ट करता?" म्हणत त्यांनी कप ठेवला आणि निघून गेले.

बापू, तुमचं मी पुष्कळ ऐकलं. पुन्हा तारेला हात लावला नाही, शाळेचं नाव काढलं नाही. हे ऐकणार नव्हते. त्या सकाळीही माझंच बराबर होतं, आणि बातम्या तुम्हीच ऐकल्या होत्या.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. दीर गेल्यावर मी कोठीला हात लावला आणि आधी दाराकडं बघितलं, तुम्ही उभे आहात का म्हणून.

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या आधी आम्ही मायलेकींनी ज्वारी चादरीवर ओतली, कोठी ओढत बाहेरच्या खोलीत नेली, तिच्या खोलीत सगळ्या रेघा भरलेल्या बघितल्या, आणि तुमचं नाव दाराकडं करून ठेवलं.