जिनच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड

बा, मुकादमकाकाच्या पोरीचं लग्न झालं. नवरा कोण, तर आपल्या कापसाच्या जिनच्या फुटबॉल टीमचा सेंटर फॉरवर्ड. आपल्या म्हणतो खरं, पण माणूस अमरावतीचा. परवापरवापर्यंत तिथल्या क्लबाकडून खेळायचा आणि आपल्याच टीमवर गोल मारायचा. शेठच्या पोरानं त्याला अकोल्याला आणला, नोकरी दिली, जिनच्या आवारातली पक्की खोली दिली, आणि मग मुकादमकाकानं पोरगी दिली. काका तुझा दोस्त, म्हणून ही खबर तुला आधी सांगितली. मी लग्नाला गेलो नाही. तू असतास तर कान धरून नेलं असतंस आणि पंगतीत वाढायला उभं केलं असतंस. कॉलेजात शिकलो तेवढ्या भाषेत लिहितो आहे, तू हसशील. कॉलेज सुटलं, भाषा चिकटून राहिली.

तुझ्या वेळची टीम वेगळी होती. दिवाळीनंतर जिनचा भोंगा सुरू व्हायचा आणि ऊन तापलं की बंद पडायचा. पुढं पावसाळाभर जिनला कुलूप. तू प्रेसवर रुईच्या गाठी बांधणारा. हंगाम संपला की मजुरीही संपायची, मग कोणाच्या शेतात डवऱ्यावर जा, कोणाच्या घरावरची कवेलू फेर. आणि फुटबॉलचा हंगाम नेमका तेव्हाच. दिवसभर इकडेतिकडे राबलेली माणसं संध्याकाळी सरकीच्या गोदामामागं अनवाणी खेळायची. थोरले शेठ फारच खूश झाले तर गूळ-फुटाणे पाठवायचे. मला अजून दिसतं : माय भाकरी थापते आहे, तू चुलीपाशी बसून भाकर मोडतो आहेस, आणि मुकादमकाका दारातूनच म्हणतो, "तुहा बॅक आंधळा हाये काय बे? बॉल पायाखालून गेला त्याच्या." तू वर न पाहता म्हणतोस, "तुह्या गोलकीपरपेक्षा बरं दिसते त्याले." टीम एकच, तरी तुमचं भांडण निराळं. माय म्हणते, "जेवा आधी, मंग गोल करा." काकाच्या मागं त्याची पोरगी उभी असते, नाकात बोट घालून. तेव्हा मी तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

आणि तो दिवस. अमरावतीची टीम आली आहे, आपण हरतो आहोत, आणि मी त्यांच्या गोलमागं उभा राहून गोलकीपरला मायबहिणीवरून बोलतो आहे. चिखलाचा एक गोळाही मारला त्याच्या पाठीत. तू मैदानाच्या त्या टोकाहून चालत आलास, पळत नाही, आणि सगळ्यांसमोर माझ्या मुस्काटात दिलीस. मग लोटा माझ्या हातात. "जाय, पानी दे त्याले. शिव्या द्याच्या असन तं आपल्या पोट्ट्याईले दे. पाहुण्याले नाई." मी रडत रडत पाणी दिलं. तो गोलकीपर अर्धं प्यायला, अर्धं त्यानं माझ्या डोक्यावर ओतलं आणि म्हणाला, "चांगला नेम हाये बे तुहा. आमच्याकडं ये." पुढं मी अमरावतीला शिकायला गेलो आणि त्यांच्याच टीमच्या बाजूचा झालो, त्याची सुरुवात तिथली असावी.

तू गेल्यावर थोरले शेठही गेले. धाकट्यानं कुठंतरी मोठ्या शहरात मोठ्या टीम पाहिल्या होत्या. त्याला दरसालच्या स्पर्धेची शील्ड पाहिजे होती, आणि ती लगेच पाहिजे होती. कामठीचा फुल बॅक आणला, नागपूरचे दोघं आणले, अमरावतीचा तर मोहराच उचलला. पद्धत अशी की खेळाडूला फिटर म्हणून मस्टरवर घ्यायचं. पावसाळ्यात जिन बंद, मशिनीला हात लावायचं काम नाही, पण ह्या फिटरांची हजेरी चालू, पगार चालू. पान्हा कसा धरतात हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नसावं. आणि तुझ्या जागेवर प्रेस चालवणारी माणसं तेव्हा डवऱ्यावर. बरं, शील्डच्या दिवशी हीच माणसं शेठच्या ट्रकात बसून येतात, त्या फिटरांसाठी घसा फोडतात आणि उपाशी परत जातात. मला ह्याचा उलगडा होत नाही. तू असतास तर त्या ट्रकात बसला असतास का? मला वाटतं, बसला असतास. म्हणूनच अधिक त्रास होतो.

अमरावतीला माझ्या खोलीत मुकादमकाकाचाच पोरगा होता. तो पक्का जिनवाला. बस स्टँडजवळच्या हॉटेलात रोज संध्याकाळी आमची जुंपायची, आणि आजूबाजूचे लोक खुर्च्या ओढून बसायचे. सेंटर फॉरवर्ड जिनकडे गेल्याची बातमी आली त्या दिवशी तर मी टेबलावर उभा राहिलो होतो.

"कापूस घेते तसे मानसं इकत घेऊन राहिला तुमचा शेठ," मी म्हणालो.

"मंग तुमी काहून नाई ठेवलं त्याले? काय देत होते तुमी? जिंकला तं चहा. हारला तं तोबी आपल्या खिशातून."

"ज्या गावानं खेळाले शिकोलं, त्याची काई इमानदारी असते का नाई?"

"असते ना. पन तिची भाकर होत नाई, राजा. त्याची माय दुसऱ्याची धुनी धुते, तवा तुमचं गाव कुठं होतं?"

हॉटेलवाला गल्ल्यावरून म्हणाला, "कॉलेजवाले साहेब, टेबलाचा पाय मोडन. तुमी खाली उतरून इमानदार व्हा." सगळे हसले. मीही उतरलो, पण हसलो नाही. मी शेठच्या विरुद्ध जे जे बोलत होतो ते खरंच होतं, आजही खरंच वाटतं. पण बोलता बोलता तोंड कडू व्हायचं. मुकादमकाकाच्या पोरानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "तुले राग फुटबॉलचा नाई येऊन राहिला." त्याला कळलं होतं. सोयरीक चालू आहे हे मला त्याच दुपारी त्यानंच सांगितलं होतं.

बा, ती मोठी झाली, त्याचं तुला काहीच माहीत नाही. सुट्टीत अकोल्याला आलो की मी मायला म्हणायचो, पाणी मी आणतो. कॉलेजात शिकणारा पोरगा नळावर रांगेत उभा राहतो म्हणून बाया हसायच्या. ती हसायची नाही. "व्हा पुढं," एवढंच म्हणायची, आणि आपली घागर मागं घ्यायची. तेवढ्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढायचो. वर्गात मास्तर काय शिकवताहेत ते कळायचं नाही. सोयरीकीचं ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं अकोल्याला आलो आणि नळावरच तिला गाठलं.

मी तिला फुल बॅकचं सांगितलं. कामठीचा तो, ज्याला सगळ्यांच्या आधी आणला होता. मॅचमध्ये त्याचा गुडघा गेला. शेठच्या पोरानं दवाखान्यात केळी पाठवली, आणि महिना संपायच्या आत मस्टरवरून नाव गेलं. पुढं खोली खाली करा म्हणून माणूस आला. आता तो जिनच्या भिंतीबाहेर पत्र्याच्या खोपटात असतो, आणि त्याची बायको हंगामात आत जाऊन रुई वेचते. मी म्हणालो, "तुह्या त्या खोलीचं छप्पर त्याच्या गुडघ्यावर हाये. गुडघा गेला का छप्पर गेलं."

तिनं घागर भरेपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मले काय सांगता? त्याच्या बायकोसंग मी रोज पानी भरते." घागरीचा काठ पुसला. "तुमचं शिकनं कवा होईल?"

मी म्हणालो, अजून दोन परीक्षा.

"मंग?"

 तिनं घागर उचलली. ती रागावलेली नव्हती, हेच मला सहन झालं नाही. रागावली असती तर मी काही बोललो असतो.

तिथून तसाच मुकादमकाकाकडे गेलो. काका बाजेवर बसून सुपारी कातरत होता. त्यालाही हेच सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं, शेठ माणसं चिपाडासारखी फेकतो म्हणालो. काकानं शेवटपर्यंत ऐकलं. मग अडकित्ता बाजूला ठेवून विचारलं, "हे तू अमरावतीवाला म्हनून बोलून राहिला, का पोरीसाठी बोलून राहिला?" मग त्यानंच अडकित्ता परत उचलला. "पोरा, तुहा बाप हे बोलला असता तं मी इचार केला असता. त्याले काही पाहिजे नोयतं." बा, गोष्ट खरी होती आणि तोंड चुकीचं होतं. एखाद्या खोट्या माणसाला खोटं ठरवलं तर तो निवांत झोपतो. मी तीन जिल्ह्यांत सगळ्यांत खरं बोलत होतो, आणि माझ्यावर कोणी विश्वास ठेवावा असं मलासुद्धा वाटेना.

अमरावतीला परत आलो आणि तिच्या भावाची ट्रंक रस्त्यावर फेकली. त्यानं ती उचलून आत आणली आणि म्हणाला, "तू झोप." त्यानं मारलं असतं तर मी कदाचित कॉलेजात राहिलो असतो. दुसऱ्या दिवसापासून वर्गात गेलो नाही. आता इथंच सायकलच्या दुकानात काम करतो, पंक्चर काढतो, चाकं सरळ करतो. माय म्हणते, बापानं गाठी बांधल्या ते तू पंक्चर काढावं म्हणून का? मी तिला उत्तर देत नाही, तूही देऊ नको.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ह्या पावसाळ्यात शील्डची मॅच अमरावतीला झाली. जिनची टीम आली, मागून ट्रक आले. मी आमच्या लोकांत, दोरीला लागून उभा होतो. तो सेंटर फॉरवर्ड मैदानात उतरला तशी सगळ्या गावानं "बिकाऊ, बिकाऊ" सुरू केलं आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. त्यानं एकदाही आमच्याकडे बघितलं नाही. बरोबरीत चाललं होतं. उत्तरार्धात आमच्या बॅकनं त्याला आडवा पाडला, आणि तो माझ्यापासून हातभर अंतरावर पडला. गुडघा दोन्ही हातांनी धरलेला, तोंड चिखलात. गावानं टाळ्या वाजवल्या. पलीकडे खुर्चीवर शेठचा पोरगा बसला होता. त्यानं छत्रीच्या टोकानं खूण केली आणि आपल्या माणसाला म्हणाला, "ओढा त्याला बाहेर. खेळ थांबवू नका." पडलेल्याकडे न बघताच म्हणाला. दोघं जण त्याचे पाय धरायला निघालेही.

मी दोरीखालून वाकलो आणि ओरडलो, "ऊठ. ऊठ बे. हात नोको लावू देऊ त्याईले, आपल्या पायानं ऊठ." शेजारचा म्हणाला, "तुहा कोन लागते थो?" पडलेल्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे त्याला माहीत नसावं. मग हात टेकून तो उठला, पाय टाकून बघितला, आणि लंगडत परत मैदानात गेला. पुढं मॅच कोण जिंकलं ते तुला सांगत नाही, त्यात काही नाही.

गावात आता लोक म्हणतात, पोरीसाठी ओरडला, तिचं घर मोडू नये म्हणून. तिच्या भावालाही तसंच वाटतं. परवा दुकानात येऊन सायकलीत हवा भरून गेला, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. मी त्याला तसंच वाटू दिलं. पण हे कागद कुठं जाणार नाहीत, म्हणून तुला खरं सांगतो. ओरडलो तेव्हा ती माझ्या मनातच नव्हती. किती दिवसांनी पहिल्यांदाच नव्हती. घरी येऊन हातपाय धुताना ते ध्यानात आलं, आणि बा, मला त्याचं वाईट वाटलं.