उभं राहायची जागा

बाबा, तू ज्या खडकावरून मासे धरायला पागाचं जाळं टाकायचास तो खडक आता तसा राहायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. खाडीच्या तोंडाशी, आपल्या बांधाच्या शेवटाला आहे तोच. बांध, मागची भातखाचरं, पलीकडचं खारट खाजण, सगळं एका रिसॉर्टवाल्यानं घेतलंय. आपलं खाचर काकानं दिलं, बाकीच्यांनीही दिलं, मी कोणाला बोल लावत नाही. तिथं आता गोल्फ होतंय. गोल्फ म्हणजे काय ते तू कधी पाहिलं नाहीस. मीही इकडे वाळवंटात कामाला येईपर्यंत पाहिलं नव्हतं. काठीनं चेंडू मारत मारत लांबच्या हिरवळीवरच्या भोकात घालायचा, आणि जितक्या कमी फटक्यांत जाईल तितका माणूस हुशार. बास, एवढंच. एवढ्यासाठी इथले लोक ट्रकांनी वाळू ओतून टेकड्या उभ्या करतात, आणि आपल्याकडे रिसॉर्टवाल्याला आयता खडक मिळाला म्हणून तो खूश आहे.

माझं काम त्या चेंडू मारायच्या जागेवर असतं. तिला टी म्हणतात. सपाट गवताचा ओटा असतो, त्यावर दोन रंगीत खुणा ठेवलेल्या. त्या दोन खुणांच्या मधूनच चेंडू मारायचा, पुढे जायचं नाही. मी रोज सकाळी त्या खुणा हलवतो. आज पुढे, उद्या मागे, परवा डाव्या कडेला. एकाच जागी लोक उभे राहिले तर गवत मरतं, हे एक कारण. दुसरं कारण मला समजायला बरेच दिवस लागले. टीपासून भोकापर्यंतच्या एका पट्ट्याला होल म्हणतात. काही होल लहान असतात, तिथं तीन फटक्यांत संपवायचं असतं. एका फटक्यात हिरवळ गाठायची, दोन फटक्यांत भोक. अशा लहान होलावर पुढे सुधारायला जागाच नसते, म्हणून सगळं त्या पहिल्या उभं राहण्यावर येतं. टी उंचावर असली की चेंडू हवेत जास्त राहतो, लांब जातो, म्हणून जोर कमी लावायचा. पण तेवढाच जास्त वेळ वाराही त्याला ढकलत राहतो. वरून सगळं दिसतं, पाणी, वाळूचे खड्डे, हिरवळ, आणि सगळं हाताशी असल्यासारखं वाटतं. तिथंच माणूस फसतो. टी खाली असली आणि हिरवळ वर, तर झेंड्याचं नुसतं टोक दिसतं, बूड दिसत नाही. चेंडू अलीकडे पडतो आणि उतारानं गडगडत परत पायाशी येतो. मोठमोठे साहेब तेव्हा लहान पोरासारखे तोंड करतात. आणि तीच टी दहा पावलं बाजूला नेली की जे पाणी कडेला होतं ते मधे येतं. हिरवळ तीच, झेंडा तोच, पण खेळ दुसराच होतो.

हे सगळं मला सुपरवायझरनं शिकवलं, आणि तो बोलत असताना माझ्या कानात मात्र तुझंच बोलणं चालू होतं. मी लहान आहे, खडकावर तुझ्याजवळ उभा आहे. ओहोटी लागलीय. तू डाव्या कोपरावर पागाचे वळसे घेतलेस, कडेच्या वजनांपैकी एक शिसं दातात धरलंयस. शिसं दातात असताना तू ओरडतोस तेव्हा अर्धं कळतं, अर्धं थुंकीत जातं. "हात काय बगतंस? पाय बग. कुठं उभा हायस त्यावर पाग पडतो, हातावर न्हाय." मग तू वळतोस, पाग सुटतो, हवेत भाकरीसारखा गोल होतो आणि पाण्यावर एकदम पडतो, एकाच आवाजात. मी टाकतो तेव्हा तो पोरीच्या पहिल्या चपातीसारखा वाकडातिकडा पडतो आणि चार वेळा वाजतो. तू दातातलं शिसं काढून हसतोस. "मासं पळालं नाय, हसून मेलं." पुढे समजावतोस, की बांधावर खाली उभा असशील तर जोरात, पाण्यालगत टाक. खडकावरून टाकशील तर जोर कमी कर, कारण पाग खाली जायला वेळ घेतो आणि तेवढ्यात वारा त्याला नेतो. म्हणून आधीच पाय वाऱ्याकडे वळवून उभं राहायचं. वारा त्याला आणून सोडेल जिथं पाहिजे तिथं.

माझ्यासाठी तू जो लहान पाग केलास तो तुझ्याच फाटक्या पागाच्या तुकड्यांचा होता. कडेला शिसं नव्हतं, बोटीच्या मशीनचे जुने नट बांधले होतेस. गंजायचे ते. माझ्या सगळ्या शर्टांना डाव्या कोपरावर तांबडे डाग. आई चुलीपुढे बसून ते शर्ट बघायची आणि आपण आणलेली बोयटांची मासळीही बघायची. "आज पन बोयटंच? घरातलं मांजर पन तोंड फिरवतंय." तू म्हणायचास, "मांजराला सांग, उद्या तू जा, पापलेट घिऊन ये." आई हसायची नाही, पण तव्यावरची पहिली बोयट तुझ्या ताटात टाकायची, तांदळाच्या भाकरीवर.

इथं मी एक चूक केली होती, ती ऐक. काम नवीन होतं. एका लहान होलाची टी उंचावर आहे, डावीकडे तळं, आणि त्याच बाजूनं, समुद्राकडून, आडवा वारा येतो. त्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, आज खुणा तूच लाव. मी वर गेलो, वारा गालावर घेतला, पाय वळवले आणि त्या पायांच्या रेषेत दोन खुणा ठोकल्या. वाऱ्याकडे तोंड करून. खेळणारा माणूस त्या खुणांवर विश्वास ठेवून उभा राहतो, त्या जिकडे बघतात तिकडेच त्याचे खांदे वळतात. आणि त्या सकाळी वारा पडला. एकामागून एक चेंडू सरळ तळ्यात. सुपरवायझर खालून धापा टाकत चढून आला. केरळचा आहे, हिंदी तोडकीमोडकी बोलतो. "अरे, तू इधर मछली पकड़ने आया है क्या?" सगळे हसले. मीही हसलो. व्हय, असं मी त्याला काय तोंडानं सांगणार होतो? मग त्यानं शिकवलं, की खुणा नेहमी हिरवळीकडे सरळ. वाऱ्याचं ज्याचं त्यानं बघायचं. तेव्हापासून मी खुणा सरळ लावतो. पण वर चढलो की पाय आधी वळतातच, मग मी त्यांना परत सरळ करतो.

तुझ्या दहाव्याला पिंड त्याच खडकावर ठेवला होता. मला वाटलं होतं कावळा येणार नाही. कावीळ तुला इतक्या घाईनं घेऊन गेली होती, मी आठवीत होतो, आईच्या हातात काही नव्हतं, तेव्हा तुझा जीव कुठंतरी अडकलेला असणारच. काका हात जोडून बोलायला तयार बसला होता, पोराला मी बघीन, वहिनीला बघीन, सगळं पाठ करून आला होता. पण पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागे येतो न येतो तोच कावळा आला आणि चोच मारून गेला. लोकांना बरं वाटलं. काकाच्या तोंडून निघून गेलं, "भुका व्हता वाटतं." सगळे सुटल्यासारखे घरी जेवायला गेले. मी मात्र तिथंच बसून राहिलो होतो. तुझं काही अडलेलं नव्हतं. म्हणजे माझ्यातही तुझा जीव अडकलेला नव्हता. हे मी आजवर कोणाला बोललो नाही, पण त्यानंतर मी पाग हातात धरला नाही. शाळाही तेव्हाच सुटली.

मग माझे पाय कुठं ठरलेच नाहीत. दिघीला जेट्टीवर दोर फेकायचं काम केलं, आगरदांड्याच्या फेरीबोटीत माणसं चढवा, उतरवा. नागावला किनाऱ्यावर पर्यटकांना फुग्याच्या बोटीवर बसवलं आणि मुद्दाम पाण्यात पाडलं, त्यात त्यांना मजा यायची. कंटेनरवर क्लीनर होतो. प्रत्येक ठिकाणी पहिले काही दिवस बरं वाटायचं आणि मग आतून कोणीतरी ढकलायला लागायचं, की चल. आई म्हणायची, "तुझ्या टाचंला काय काटं हाईत काय रं?" इकडे आलो तेव्हा वाटलं, एवढ्या लांब आल्यावर तरी थांबेन. आणि काम मिळालं ते असं, की रोज उठून दुसऱ्यांची उभं राहायची जागा हलवायची. रात्री एका खोलीत आम्ही बरेच जण झोपतो, प्रत्येकाचा पलंग म्हणजे त्याचं घर. इथल्या जमिनीत पण मीठ आहे, बाबा. पाणी मारून मारून ते खाली दाबावं लागतं, नाहीतर गवताच्या मुळाशी वर येतं. एक दिवस पाणी चुकलं की हिरवं पिवळं पडतं. ते बघितलं की मला उगाच आपलं खाजण आठवतं, आणि मी नळ जास्तच सोडतो.

आता काकाचा फोन आलाय. रिसॉर्टच्या साहेबाला कोणीतरी सांगितलं, की ह्यांचा पुतण्या तिकडे गोल्फवर आहे. "साहेब बोलला, त्याला फोटो धाडा, टी कुठं घ्यावी इचारा. गमतीत बोलला आसंल रं. पन तू सांग कायतरी. गावातला एक मानूस ग्राउंडवर पायजेच त्यांना. घरचं खाशील, आयेजवळ राहशील." मग आईनं फोन घेतला. ती खडकाचं काही बोललीच नाही. नुसतं म्हणाली, "ये रं आता. मना दिसंनासं झालंय, तुज्या आवाजावरनं तुजं तोंड आठवाया लागतंय." मी म्हटलं, बघतो. ती म्हणाली, "तू बगतोच म्हंतस."

आज शुक्रवार, सुट्टी. जेवण झाल्यापासून काकानं पाठवलेला जागेचा फोटो उघडून बसलोय. आपल्या खाचरात हिरवळ येणार, मधे आत वळून आलेलं खाडीचं पाणी, आणि चेंडू अलीकडून मारायचा. लहान होल आहे, एका फटक्यात हिरवळ गाठायचं. मी खरोखर शोधलं, बाबा. आधी टी बांधावर घेऊन पाहिली, खाली. पण तिथून खडक मधे येतो, हिरवळ दिसतच नाही, म्हणजे ते खडकाला ब्रेकर लावून पार काढून टाकणार. मग काठावरच्या चिंचेच्या झाडाच्या बाजूला नेऊन पाहिली. तिथून पाणी कडेला जातं, खेळात काही राहत नाही, असल्या होलासाठी कोणी पैसे देऊन येणार नाही, मग ते पुन्हा खडकाकडेच वळणार. खडकावर घेतली तर त्याचा नुसता माथा कापतील, माती भरतील, गवत लावतील. बूड राहील. पाणी त्याला तसंच लागत राहील. आणि मी गेलो तर रोज सकाळी मला त्यावर चढायचं. तुझे पाय जिथं असायचे तिथं दोन खुणा ठोकायच्या, हिरवळीकडे सरळ करून. नाही गेलो तर दुसरं कोणीतरी ठोकेल, आणि आई माझं तोंड विसरेल. कुठूनही उभं राहून बघितलं तरी हेच दिसतं. जाणं आणि न जाणं सोडून मला तिसरी जागा सापडत नाही.

काकाला संध्याकाळपर्यंत सांगतो म्हटलंय. फोटोवर बोटानं एक गोल काढून ठेवलाय, खडकाच्या माथ्यावर. तो मी पाठवेन, हे मला आता कळलंय. आईकडे जाईन, हेही. ते पाठवायला नुसतं बोट टेकवायचं आहे. हे लिहिलेलं मात्र कुठं टेकवू? पलंगाखालच्या बॅगेत घालीन, दुसरं काय.

एकच सांगायचं राहिलं. फोटो आला तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. उंची चांगली, झाडं कललेली म्हणजे वारा डावीकडून आडवा, पाणी मधे, हिरवळ पूर्ण दिसते. इथल्या कुठल्याही टीपेक्षा चांगली जागा, मी मनात म्हटलं, आणि मला आनंद झाला, कामावर होतो तसा. खडक आपला आहे, त्यावर तू उभा असायचास, हे मला नंतर दिसलं.