राखेचा संडास

ता. भिवंडी,
मार्च १९९२

प्रिय कमळा,

हे पत्र तू एकटीनेच वाच. बाळाराम मोठ्याने वाचून दाखवतो म्हणेल, पण त्याच्या हातात देऊ नकोस. तुझा भाऊ मनाचा मोकळा आहे, पण संध्याकाळपर्यंत सगळ्या दिघाशीला कळेल.

तुझ्या बाबांचा निरोप मिळाला. घरात संडास झाल्याशिवाय लेकीला आणि नातीला पाठवणार नाही म्हणाले. मला राग आला नाही. भरल्या दिवसांची तू पहाटे टमरेल घेऊन खाजणाच्या बांधावरून घसरलीस, तेव्हा मी शिफ्टवर होतो. तुला उचलायला शेजारची माणसं आली. पोर सुखरूप झाली हे आपलं नशीब. तिचं तोंड मी बारशाला पाहिलं तेवढंच.

पहिल्यांदा मी टाकीचाच संडास ठरवला होता. लूमवरच्या कासमभाईंकडे तसा आहे. पण टाकीचं पाणी सोडायचं कुठे? आपल्या मागची नाळी सरळ खाजणात उतरते आणि आई तिथेच चिखलातले निवट्या मासे धरते. गवंडी म्हणाला, सगळेच सोडतात, तूही सोड. मला ते पटेना. लूमवर एक धागा तुटला तरी मला चैन पडत नाही, तुला माहीत आहे.

मग पंचायतीत एका संस्थेच्या बाई आल्या होत्या, त्यांनी दोन खड्ड्यांचा संडास सांगितला. एक भरला की बंद करायचा, दुसरा वापरायचा, पहिल्याचं खत होतं. मी सुट्टी घेऊन खणायला लागलो. कोरडी, छान जमीन लागली. मनात म्हटलं, झालं, कमळा होळीला घरी. पण मी खणलं ते भांगाच्या, भरती कमी चढते त्या दिवसांत. पुनवेला उधाण आलं आणि खड्ड्यात खालून पाणी चढलं, काठापर्यंत. माझे बाबा ओटीवर बसून हसले. “खारीच्या जमिनीत जल्मलास नि तुला भरती कलत न्हाय? आरं, खाडी घरात आनलीस!” मी हसलो नाही. विहीर तिथून हाकेवर आहे. तो खड्डा तसाच वापरात आला असता, तर आपली पोर त्याच विहिरीचं पाणी प्यायली असती. मी दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवला.

बाई पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांना ते सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मग जमिनीच्या वर बांधा. पायऱ्या चढून जायचं, खाली विटांचे दोन बंद कप्पे, वरून पाण्याऐवजी राख आणि भाताचा तूस टाकायचा, धुण्याचं पाणी वेगळं केळीला. खाडीत काही जात नाही, विहिरीत काही जात नाही. चुलीची राख आणि गिरणीतला तूस आपल्याकडे कमी नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “कप्पा भरला का काढनार कोन?”

आपल्यात हे काम कोणी केलेलं नाही. शहरात ज्यांच्याकडून करून घेतात, त्यांच्या ओंजळीत आपण पाणीसुद्धा वरून ओततो. मी म्हणालो, मी काढीन.

शेलार गावात एका घरी तसा संडास आहे. वर्षभर मिटून ठेवलेला कप्पा ते उघडणार होते, म्हणून मी बघायला गेलो. थोडा वेळ लांब उभा राहिलो, मग फावडं मीच घेतलं. आत काळी, भुसभुशीत माती. वास नाही. पिशवीत थोडी भरून घरी आणली. बाबांनी चिमटीत घेऊन चुरगळली, नाकाला लावली. “बेस माती हाय. कुठल्या शेतातली?” मी खरं सांगितलं. बाबा हात धुवायला असे पळाले की धोतर सुटता सुटता राहिलं. तू असतीस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस.

पण त्या दिवसापासून माझं ताट ओटीवर असतं. आई भात वरून टाकते, हात लागू देत नाही. तांब्याही वेगळा आहे. कप्पे बांधून झाले, पत्रे चढले, आता फक्त दार बसवायचं आहे. तुझ्या बाबांनी येऊन बघावं, त्यांना नाव ठेवायला जागा मिळणार नाही.

एवढंच असतं तर बाळारामकडे निरोप धाडला असता. पण काल आई म्हणाली, “पोर आली तरी तुझ्या हातात द्याची न्हाय.” मी दर वर्षी तो कप्पा उघडणार आहे, कमळा. दुसऱ्या कोणाला सांगणार नाही, कारण तोही कोणाचा तरी बाप असेल. म्हणून तू गाडीत बसायच्या आधीच विचारतो. साबणाने धुतलेल्या या हातांत तू पोरीला देशील का? मला बरं वाटावं म्हणून हो लिहू नकोस. नाही असेल तर नाही लिही. दार मी तरीही बसवीन, कडी आतून ठोकीन, तुझ्या हाताला येईल अशा उंचीवर.

उत्तराची वाट बघत, ओटीवरून,
तुझाच
चांगदेव