इंटरजेक्शनची ट्रॉली

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे सध्या कागदावरच). तुझा खोकला कसा आहे? आतोबांनी नवा चष्मा केला, की अजून तुझाच लावतात? आमच्याकडे सगळे बरे आहेत, म्हणजे एकमेकांच्या तक्रारी करण्याइतपत बरे आहेत.

पत्रास कारण असं, की आमच्या हॉटेलच्या धुलाईखान्याचे मुकादम निवृत्त होताहेत. त्यांच्या जागेसाठी माणसं दोनच: मी आणि इस्त्रीवाला, ज्याला आम्ही कडक म्हणतो. त्याच्याविषयी माझ्या मनात काही नाही. जो लायक असेल त्याला जागा मिळावी (हिने शेजारीपाजारी आधीच सांगून टाकलंय, तेव्हा मला मिळाली तर बरं). पण नव्या मॅनेजरसाहेबांनी अट घातली, की मुकादमाला इंग्रजी व्याकरणाची तोंडओळख हवी, कारण पाहुण्यांच्या तक्रारींना उत्तरं तोच लिहिणार. परीक्षा सगळ्या विभागाची, पण खरी आम्हा दोघांची. शिकवायला एक मास्तर ठेवले. ते दुपारी घड्या घालायच्या टेबलापाशी उभे राहून नाऊन, व्हर्ब वगैरे सांगत. मशीनच्या आवाजात त्यांचं अर्धंच ऐकू येई, आणि तेही समजत नसे. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "बाबांनो, तुमच्या कामाशी जोडून पाहा, म्हणजे लक्षात राहील."

ते मी मनावर घेतलं. आमच्याकडे जे ट्रॉलीवर लिहिलेलं नसतं ते कुणाला आठवत नाही. म्हणून मी ट्रॉल्यांच्या जुन्या पाट्यांवर पुठ्ठे लावले आणि मास्तरांच्या पुस्तकातून इंग्रजी अक्षरं बघून बघून उतरवली. चादरी झाल्या नाऊन, कारण मूळ वस्तू ती. झालरीचे अभ्रे ॲडजेक्टिव्ह; ते चादरीची शोभा वाढवतात. स्वयंपाक्यांचे कपडे व्हर्ब, कारण ते अंगात घातले की माणसाला काहीतरी करावंच लागतं. चादर धुण्यात असताना तिच्या जागी जाणारी जुनी चादर ती प्रोनाऊन. पायपुसणी म्हणजे प्रिपोझिशन. कशाच्या खाली नि कशाच्या पुढे, एवढंच तिला कळतं. आणि डाग कशानेच निघत नाहीत म्हणून फडकी करायला बाजूला ठेवलेले टेबलक्लॉथ ते इंटरजेक्शन, कारण घडी उलगडली की तोंडातून "अगं बाई" निघतंच.

थोड्याच दिवसांत विभाग पंडित झाला. "आज व्हर्बांच्या बाह्या फार मळल्यात गं," असं घडीवाल्या मावशी म्हणू लागल्या. कडक तर ॲडजेक्टिव्ह नीट दमट आल्याशिवाय हात लावेना.

घात झाला तो वरच्या हॉलमध्ये. त्या दिवशी मालक बड्या पाहुण्यांना घेऊन जेवायला येणार होते. हॉलचा वाढपी टेबलक्लॉथ न्यायला खाली आला तेव्हा आम्ही जेवायला गेलो होतो, आणि त्याच्या ओळखीची पाटी मी झाकलेली. त्याला इंग्रजी येत नाही, पण अंदाज दांडगा. सगळ्यात लांबलचक नावाची ट्रॉली मालकांचीच असणार असं धरून त्याने इंटरजेक्शन नेलं. घाईघाईत टेबलं मांडली गेली. मालकांनी म्हणे आपली ताटली उचलून एका डागावर ठेवली, मग ती उचलून शेजारच्या डागावर ठेवली, आणि साहेबांकडे पाहिलं.

पुठ्ठे त्याच संध्याकाळी उतरले. परीक्षा मात्र ठरल्याप्रमाणे झाली आणि सगळ्यांना सोपी गेली. हीच पंचाईत झाली. नाऊनचं उदाहरण द्या म्हटल्यावर साऱ्या विभागाने चादर लिहिली. प्रिपोझिशनला सगळ्यांनी पायपुसण्याखालचा 'खाली' दिला. एवढं एकमत मास्तरांना सोसलं नाही. कॉपी झाली म्हणून परीक्षा रद्द. मी विभागाच्या वतीने वर जाऊन सांगितलं, "साहेब, कॉपी कसली? नाऊन म्हणजे चादरच ना."

"मग ही खुर्ची कोण?" साहेबांनी विचारलं.

मी खुर्चीकडे पाहिलं. खरं सांगतो आत्या, तिची ट्रॉली मला काही केल्या सुचेना.

परीक्षा सोमवारी पुन्हा आहे. मुकादमकी नशिबात असेल तर मिळेल. मला तिची हाव नाही. आतोबांना नमस्कार सांग. खोकल्याकडे दुर्लक्ष करू नकोस.

तुझा भाचा

ता. क. साहेबांची नवी अट अशी, की धुलाईखान्यातलं एकही उदाहरण चालणार नाही. आम्ही पडलो कायम तळघरात, बाहेरचे शब्द आणायचे कुठून? तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस. तेव्हा तुझ्या घरातले शब्द पाठव, स्वयंपाकघरातले, गच्चीवरचे, कुठलेही. प्रत्येकाला वेगवेगळे पुरतील इतके पाठव, म्हणजे पुन्हा एकमत व्हायला नको.

आणखी ता. क. त्यातले चांगले शब्द वेगळ्या पाकिटात घालून माझ्या घरच्या पत्त्यावर धाड. कडकसाठीही काहीतरी असू दे, माणूस गरीब आहे. फक्त तो पास होईल असं काही नको.