पियानोवरचं पंचामृत

नागपूर, दसरा, १९७१. संध्याकाळ.

उद्या माझा कार्यक्रम, सकाळी हमाल पियानो हॉलवर न्यायला येणार, आणि मधली एक पट्टी दाबली की वरच येत नाही! आज वाद्यांची पूजा म्हणून सासूबाईंनी पियानोवरही पंचामृत शिंपडलं. मध आत गेला. दुरुस्त करणारा माणूस मुंबईत. मी ओरडलेच, "तुम्हाला काही कळतं का?"

त्या गोंधळून म्हणाल्या, "काहून ओरडून राहिली वं? सरस्वतीच आहे ना ते तुयी?"

पुन्हा पुसली, पुन्हा दाबली. नाहीच येत वर. उद्या काय वाजवू मी?

सासूबाई न जेवता आत पडून आहेत. माझं लग्न झाल्यापासून त्या पियानोला 'खोकं' म्हणायच्या. आज पहिल्यांदा त्यांनी त्याला हात जोडले होते.